पेटीतली एकविसावी

आमचे सासरे, कुमाझो इताकुरा, यांना हातचं राखून देणं कधी जमलंच नाही. त्यांच्या वडिलांची कौलांची भट्टी होती. आमच्या ताकाहामा गावात तेव्हा जिकडे बघाल तिकडे भट्ट्यांचा धूर असे. कौलं नावेत चढवायची, दूरच्या बंदरात उतरवायची, तिथून गाडीवर. एवढ्या उलाढालीत काही फुटणारच. म्हणून इताकुरांच्या घरची रीत अशी, की मोजून झाल्यावर वर थोडी कौलं जास्त घालायची आणि त्यांचे पैसे लावायचे नाहीत. गिऱ्हाईक छपरावर चढलंय आणि एका कौलासाठी अडून बसलंय, अशी नामुष्की या घराने कधी ओढवून घेतली नाही, हे मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून ऐकत आले.

युद्धानंतर सासऱ्यांनी भट्टी मोडली आणि पत्रा ठोकायच्या प्रेस आणि त्यांत बसवायचे साचे, म्हणजे डाय, घेतल्या. मोठ्या मोटार कारखान्याला लागणारी एक ब्रॅकेट आम्ही करायचो. तळहातात मावेल एवढी, वाकवलेली, दोन भोकांची. कौलं गेली, पण रीत गेली नाही. वीस ब्रॅकेटच्या पेटीत सासरे एकविसावी टाकायचे. माल भरायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी करू दिलं नाही, त्यामुळे ही गोष्ट त्यांना ठाऊक होती आणि शेजारी बसून ठोकलेल्या तुकड्यांच्या कडांचा बर, म्हणजे टोचरे कंगोरे, कानसून काढणाऱ्या आमच्या कामवाल्या मासाएला ठाऊक होती. मला नव्हती. मासाएची जीभ साऱ्या गावाची खबर देत फिरायची, नेमकी इथेच कशी काय गप्प बसली कोण जाणे.

तेलाचा भाव भडकला त्या हिवाळ्यात मोठ्या कारखान्याने गाड्या एकदम कमी केल्या. आम्ही पुढचा अंदाज बांधून ढिगाने माल ठोकून ठेवला होता. तो सगळा अंगावर पडला. कारखान्यात जागा उरली नाही तेव्हा पेट्या घरात आल्या. ओसरीवर पेट्या, जिन्याखाली पेट्या. मार्चमध्ये मुलींच्या सणाला माझ्या लेकीच्या बाहुल्या मांडायला एक कोपरा रिकामा सापडला नाही आणि ती पोर पेट्यांवर बाहुल्या मांडून बसली. पुढे पावसाळ्यात त्याच पेट्यांना गंज चढला आणि सगळं भंगारात गेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते नुकसानीचं नव्हतं, संतापाचं होतं. कुणी मागितलं नव्हतं ते आम्ही रात्रंदिवस ठोकत होतो, याचा संताप.

म्हणून दुसऱ्या वर्षी मोठ्या कारखान्यातून होत्तासाहेब कार्डांची थप्पी घेऊन आले, तेव्हा आमच्या घरात ती गोष्ट पहिल्यांदा कुणाला पटली असेल तर मला. प्लास्टिकच्या पाकिटातलं ते कार्ड. त्याला कानबान म्हणायचं. त्यावर मालाचं नाव, पेटीत किती, कुठल्या दाराशी उतरवायचं, एवढंच. तिकडे गाड्या जोडायच्या लाइनवरच्या माणसाने पेटीतला पहिला तुकडा उचलला की तो कार्ड काढून बाजूच्या डब्यात टाकणार. माझा नवरा तेइजी ट्रक घेऊन गेला की ती कार्डं आणि रिकाम्या पेट्या घेऊन येणार. मी कार्डं खिळ्यांवर टांगणार आणि जेवढी टांगली तेवढ्याच पेट्या आम्ही करणार. खिळा रिकामा, तर प्रेस बंद.

“प्रेस बंद ठेवून काय करायचं?” सासऱ्यांनी विचारलं होतं.

“झाडू मारा, डायला तेल द्या, चहा प्या,” होत्तासाहेब म्हणाले. “पण ठोकू नका, काका.”

सासऱ्यांना ते अपमानासारखं लागलं. रिकामी उभी प्रेस त्यांना बघवत नसे. होत्तासाहेब तसे वाईट नव्हते. उंच, वाकून बोलणारे, कपाळाला कायम आठी आणि गोड खायची जबर हौस. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, की चेरी फुलायच्या सुमारास नव्या गाडीचं काम वाटलं जाणार आहे. ज्यांची कार्डं नीट फिरतील त्यांनाच ते मिळेल. जुन्या गाडीचं काम त्यानंतर फार दिवस चालणार नाही. आमच्याकडे दुसरं काम नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं.

त्या दिवशी मी ठरवलं, की हे मी करून दाखवणार. कुणी हसो, कुणी रुसो. खिळ्यांची फळी मी स्वतः रंगवून दारासमोर ठोकली. तेइजी म्हणाला, “सरकारी कचेरीत नोकरी करायची होती तुला, चुकून इथे पडलीस.” मी म्हटलं, “अहो, चुकून नाही, तुमच्या आईने बघून आणलीय. आता ती कार्डं खिशात कोंबून आणू नका, दुमडतात.” तेव्हापासून तो कार्डं टोपीत घालून आणायला लागला. एकदा वाऱ्याने टोपी उडाली तेव्हा भर रस्त्यात ट्रक थांबवून शेतात धावला. हे त्याने नाही, शेतवाल्याने सांगितलं.

काही महिन्यांत कामाची घडी बसली. घरात पुन्हा एकही पेटी आली नाही. कार्ड आलं की करायचं, गेलं की विसरायचं. पण एक गोष्ट मला छळत होती. कार्डं सरळ येत नव्हती. एखाद्या फेरीला काहीच यायचं नाही, मग एकदम घोळका यायचा आणि आमची तारांबळ उडायची. होत्तासाहेबांनाही ते दिसलं होतं. गाड्या तर रोज सारख्याच बनतात, मग तुमचीच कार्डं अडखळत का येतात, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी तेइजीला झापलं, की तुम्ही वाटेत कुठे नूडल्स खात बसता आणि कार्डं विसरता. तो बिचारा टोपी उलटी करून दाखवायचा.

मग ड्रॉइंग बदललं. ब्रॅकेटचं एक भोक किंचित बाजूला सरकलं, इतकं किंचित, की दोन तुकडे एकावर एक ठेवल्याशिवाय कळू नये. नवी डाय आली. जुना माल आमच्याकडे आणि तिकडे, दोन्हीकडे शून्यावर आणायचा आणि मग नव्या कार्डांनी नवा माल सुरू करायचा, असं ठरलं. हेच तर कार्डाचं काम. तिकडे किती पेट्या आहेत हे कार्डं मोजून इथे बसल्या बसल्या सांगता येतं. मी जुनी कार्डं एकेक करून उतरवली, शेवटचं कार्ड परत आलं तेव्हा ते सगळ्यांना दाखवलं, आणि जुनी डाय तेल लावून मांडणीवर ठेवून दिली. माझ्या हिशेबी जगात जुन्या ब्रॅकेटचा एक तुकडा शिल्लक नव्हता.

आठवडाही झाला नसेल, होत्तासाहेब आले. या वेळी चहा नको म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, टेबलावर उलगडला. आत आमची ब्रॅकेट होती. जुनी. पिळवटलेली.

तिने लाइन थांबवली होती. बदललेल्या ड्रॉइंगच्या गाडीला जुनी ब्रॅकेट बसवायला गेले, बोल्ट तिरका गेला, अडकला, काढताना पिळला. अख्खी लाइन, शेकडो माणसं, हात खाली सोडून उभी. किती वेळ, ते होत्तासाहेबांनी सांगितलं नाही. त्यांचा चेहरा बघून मी विचारलंही नाही.

“ही आमची नाही,” मी म्हटलं.

“ठसा तुमचा आहे, वहिनी.”

“ठसा आमचा असेल. पण आमच्याकडून शेवटची पेटी गेली, कार्ड परत आलं, ते मी माझ्या हाताने उतरवलं. पेटीत वीस, लाइनवर वीस. तुमच्याकडे कुणीतरी एखादी कुठे पाडली असेल, ती उचलली असेल. आमच्या माथी मारू नका. मी एकेक कार्ड डोळ्यात तेल घालून सांभाळलंय.”

मला थांबायला हवं होतं, पण मी भडाभडा बोलतच गेले. तुमच्या लाइनवरच्या माणसांची शिस्त बघा म्हणाले. होत्तासाहेब मान खाली घालून ऐकत राहिले. मला वाटलं, पटतंय त्यांना. कदाचित पटतही होतं. ते म्हणाले, की मग तसंच लिहावं लागेल, लाइनवरच्या माणसाची चूक म्हणून.

तेवढ्यात मागून सासऱ्यांचा आवाज आला. ते हातमोजे काढत होते.

“तसं लिहू नका. ती मी घातलेली आहे.”

मासाएने बर काढायची कानस खाली ठेवली.

“पेटीत एक जास्त घालतो मी. पहिल्यापासून. तुमची कार्डं आली तेव्हाही घालत होतो.” ते होत्तासाहेबांकडे बघत होते, माझ्याकडे नाही. “डाय बसवताना चार जास्त ठोकायचो, मागच्या शेडमध्ये टोपलीत ठेवायचो. त्यातलीच एकेक.”

वर्षभर मी खिळ्यांवर नजर ठेवून होते, कार्डं मोजत होते, नवऱ्याला टोपी झटकायला लावत होते, आणि रोज माझ्या पाठीमागे हा माणूस माझा हिशेब मोडत होता. आणि तेही चोरून घेत नव्हता, देत होता. रागवायचं तरी कसं. पण मी रागावले. होत्तासाहेबांसमोर सासऱ्यांना म्हटलं, “बाबा, तुम्ही मला खोटं पाडलंत.”

ते म्हणाले, “हो, सूनबाई. पाडलं.”

होत्तासाहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. आता हे जसंच्या तसं वर सांगावं लागेल आणि सांगितल्यावर काय होईल हे त्यांच्या हातात नाही, असं ते म्हणाले. नव्या गाडीच्या यादीवर आमच्या नावावर अजून काट मारलेली नव्हती, एवढंच. मी विचार केला नाही. म्हटलं, तुम्ही सांगू नका, आम्हीच येऊन सांगतो.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी लग्नाकार्यातला काळा कोट काढला. माफी मागायला रिकाम्या हाताने जायचं नसतं, म्हणून मी स्टेशनजवळच्या दुकानातून मांजूंचा डबा आणला. वाफवलेले मऊ गोळे, आत लाल चवळीचं गोड पुरण असतं ते. तेइजीने ट्रक धुतला. ट्रक धुवायची काय गरज होती ते त्यालाच माहीत.

सासऱ्यांनी आयुष्यभर त्या कारखान्याला माल दिला होता, पण दाराच्या आत ते कधी गेले नव्हते. होत्तासाहेब आम्हाला थेट लाइनवर घेऊन गेले. आमची ब्रॅकेट बसवणारा माणूस पन्नाशीचा, जाडजूड, गळ्यात टॉवेल. गाडी पुढे सरकत यायची, तो न बघता पेटीत हात घालायचा, ब्रॅकेट बसवायचा, बोल्ट पिळायचा, तोवर पुढची गाडी. सासरे त्याच्या हाताकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर लहान मुलासारखं कौतुक आलं होतं आणि आता त्यांना काय ऐकावं लागणार या विचाराने मला त्याची फार भीती वाटली.

लाइन विश्रांतीला थांबली तेव्हा होत्तासाहेबांनी त्या माणसाला काहीतरी विचारलं. तो ओशाळला. मग वाकून त्याने बाकाखालून एक रंगाचा जुना पत्र्याचा डबा ओढून काढला. डबा आमच्या ब्रॅकेटनी अर्धा भरलेला होता. सगळ्या जुन्या. त्यांच्यात विझवलेल्या सिगारेटी, एक तुटका पाना आणि संत्र्याची वाळकी सालं.

“शेवटची एक उरायची पेटीत,” तो सासऱ्यांना म्हणाला. “पहिल्यांदा वाटलं चुकून आली. मग रोजच यायला लागली. फेकवेना, चांगली वस्तू. म्हणून डब्यात टाकायचो. कधी पेटी उघडायचा कंटाळा आला तर यातल्याच लावायचो.”

म्हणजे ते तसं होतं. तो डब्यातल्या लावायचा, पेटी तशीच राहायची, पेटी न उघडल्यामुळे कार्ड सुटायचं नाही, आणि इकडे मी तेइजीवर नूडल्सचा आळ घ्यायचे. ड्रॉइंग बदललं तेव्हा कार्डांच्या हिशेबाने तिथे काहीच शिल्लक नव्हतं, म्हणून बाकाखाली बघावं असं कुणाच्या मनात आलं नाही. आणि एक दिवस पेटी उघडायच्या आधी त्याचा हात सवयीने डब्यात गेला.

सासऱ्यांनी डब्यात हात घातला. एक ब्रॅकेट काढून तिच्यावरची राख अंगठ्याने पुसली. कौलाच्या भट्टीपासून चालत आलेली त्यांची रीत बाकाखाली सिगारेटींच्या थोटकांत पडली होती. त्या क्षणी मला त्यांचा राग राहिला नाही. मला तो डबा उचलून कुणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटत होता.

“वाटेत एखादी फुटली तर कमी पडू नये,” ते म्हणाले. “म्हणून घालायचो.”

“ही कौलं नाहीत, काका,” होत्तासाहेब म्हणाले. आवाज अगदी हळू होता. “आणि फुटलीच, तर फुटली हे मला कळायला हवं. तुम्ही एक जास्त घातलीत तर कमी काय पडलं ते मला कधीच कळणार नाही. मग ते पुन्हा फुटेल.”

सासऱ्यांनी त्या जाड माणसासमोर कंबरेत वाकून माफी मागितली. तोही घाईघाईने वाकला आणि दोघांची डोकी आपटता आपटता राहिली. वरच्या साहेबांच्या खोलीतही ते तसेच वाकले. तिथे काय बोलणं झालं ते मी सांगत बसत नाही, ऐकायला सोपं नव्हतं. शेवट असा झाला, की आमचं नाव यादीवर राहील, पण चेरी फुलेपर्यंत आमच्यामुळे लाइन पुन्हा एकदा जरी थांबली तरी विषय संपला. मांजूंचा डबा मात्र होत्तासाहेबांनी ठेवून घेतला.

घरी आल्यावर सासऱ्यांनी कोटही काढला नाही. सरळ मागच्या शेडमध्ये गेले आणि ती टोपली फरफटत बाहेर आणली. नव्या भोकाच्याही बऱ्याच साठल्या होत्या तिच्यात. सवय काय एका दिवसात जाते. तेइजी पुढे झाला तर त्याला हात लावू दिला नाही. हातगाडीवर घालून स्वतः नदीकाठच्या भंगारवाल्याकडे ढकलत नेली. मासाए माझ्या शेजारी उभी राहून बघत होती. मी तिला विचारलं, तुला माहीत होतं ना.

“होतं की, वहिनी.”

“मग बोलली का नाहीस?”

“मालक पेटीत एक जास्त घालताना असे खूश दिसायचे,” मासाए म्हणाली. “तुम्ही कार्ड टांगताना दिसता ना, तसे.”



त्यानंतर पेट्या सासरेच भरायचे, पण मोठ्याने मोजत. वीस म्हटलं की झाकण. पहिले काही दिवस वीसनंतर त्यांचा हात आपोआप पुढे जायचा आणि मग ते तो गुडघ्यावर घासायचे. कार्डं मात्र सुतासारखी सरळ यायला लागली. रोज सकाळी ठरलेली, रोज संध्याकाळी ठरलेली. तेइजीने मला भर जेवणात दोनदा ऐकवलं, की नूडल्स खाणाऱ्याची माफी कुणी मागितली नाही. दुसऱ्यांदा मी मागितली.

प्लमची फुलं आली होती, म्हणजे अजून चेरीला अवकाश होता, तेव्हा डायला तडा गेला.

सकाळची वेळ. खिळ्यांवर तीन कार्डं. एक पेटी भरून झाली होती, दुसरी सुरू व्हायची होती, आणि प्रेसचा आवाज बदलला. हा आवाज आमच्या घरात मांजरालाही कळतो. सासऱ्यांनी पाय काढला, डाय उघडली, बोट फिरवलं आणि बाजूला झाले. भोक पाडणाऱ्या जागेपासून कडेपर्यंत केसासारखी रेघ होती. डायवाला शेजारच्या हेकिनान गावात. त्याने दुसरं काम बाजूला ठेवलं तरी संध्याकाळच्या आत दुरुस्त होणं शक्य नव्हतं. तेइजी ट्रकपाशी उभा होता, दार उघडं, इंजिन चालू.

“आज ती टोपली असती तर,” तेइजी म्हणाला.

तिघांच्याही मनात तेच होतं. मग तो म्हणाला, की टोपली अजून असेलही. भंगारवाला महिन्याकाठी एकदाच माल हलवतो. नव्या भोकाच्या वरच होत्या, पावसात भिजल्या असतील, पण पुसून तेल लावलं तर दोन पेट्या सहज भरतील. जायला यायला किती वेळ लागणार. लाइन थांबणार नाही, कुणाला कळणार नाही, नव्या गाडीचं काम हातचं जाणार नाही.

मी खिळ्यांवरच्या कार्डांकडे बघितलं. खरं सांगते, मला मोह झाला. ती फळी मी रंगवलेली, ते नियम मी घरात आणलेले, आणि मीच मनातल्या मनात भंगारवाल्याच्या अंगणात टोपली शोधत होते. पेट्या परत घरात आलेल्या चालतील, काहीही चालेल, पण लाइन थांबायला नको. वरच्या साहेबांचं वाक्य माझ्या कानात होतं. मी सासऱ्यांकडे बघितलं. जन्मभर कुणाला कमी न पाठवलेला माणूस आता काय करणार हे मला सांगायला नको होतं. ते मुकाट्याने हातगाडी काढणार असं मी धरूनच चालले.

सासरे म्हणाले, “त्या टोपलीतल्या कुणी तपासल्यात? मीच ठोकल्या, मीच टाकल्या. ही रेघ कधीपासून आहे, सांगता येतं का तुला?”

“बाबा, लाइन थांबेल,” तेइजी म्हणाला.

“तू आहे ती पेटी घेऊन नीघ. बाकीची दोन कार्डं खिळ्यांवर राहू देत.”

आणि ते फोनकडे गेले. फोन आमच्या ओसरीवर, लाकडी पेटीवर ठेवलेला. त्यांनी हात पुसले. नंबर मला फिरवायला लावला. होत्तासाहेब फोनवर आले तेव्हा सासरे ताठ उभे राहिले.

“इताकुरा बोलतोय, ताकाहामाहून.” मग थांबले. मी त्यांच्या हातून रिसीव्हर घ्यायला पुढे झाले तर त्यांनी पाठ फिरवली. “आमच्याकडून आज दोन पेट्या कमी आहेत.”

ते पुन्हा म्हणाले, “कमी आहेत. डाय फुटलीय. एक पेटी निघालीय, ती चांगली आहे, बाकी संध्याकाळपर्यंत नाही. तुम्हाला कळायला हवं म्हणून सांगतोय.”

आणि फोनच्या काळ्या डबड्यासमोर त्यांनी कंबरेत वाकून नमस्कार केला. पलीकडे होत्तासाहेब काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. सासरे नुसते हो, हो म्हणत होते. डाय कोण दुरुस्त करणार, किती वेळ, लाइनवर आत्ता काय शिल्लक, एवढंच विचारलं म्हणे. मग थांबा म्हणाले आणि फोन बराच वेळ तसाच उघडा राहिला. सासरे वाकूनच उभे होते. मी त्यांना बसा म्हटलं, ते बसले नाहीत.

शेवटी होत्तासाहेब परत फोनवर आले. लाइनवर गाड्यांचा क्रम बदलता येतो, वेळ असला तर. आमची ब्रॅकेट लागत नाही अशा गाड्या त्यांनी पुढे घेतल्या, लागते त्या मागे ढकलल्या. एका पेटीत दुपार निघेल, संध्याकाळी बाकीच्या द्या. लाइनवर माणसं रिकाम्या पेटीत हात घालून उभी राहिल्यावर कळलं असतं, तर काही करता आलं नसतं, असं ते म्हणाले. सासऱ्यांनी हे आम्हाला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते माझ्याकडे बघत होते.

डायवाल्याकडे ते स्वतः जाऊन बसले. तो पुढे तक्रार करत होता, की म्हातारा डोक्यावर उभा राहतो आणि श्वासही मोठ्याने घेतो. दिवेलागणीला डाय परत आली. पहिले तुकडे सासऱ्यांनी मापाचं गेज लावून तपासले, बाजूला काढले आणि सरळ भंगाराच्या डब्यात टाकले. मग दोन पेट्या भरल्या. वीस, झाकण. वीस, झाकण. तेइजी त्या घेऊन गेला आणि परत आला तेव्हा ट्रकमधून उतरायच्या आधीच त्याने मला खिडकीतून सांगितलं, की लाइन एकदाही थांबली नाही. टोपीतून त्याने उद्याची कार्डं काढली. मी ती टांगली.

चेरी फुलल्या त्या आठवड्यात नव्या गाडीची कार्डं आमच्याकडे आली. ती पिवळी होती. त्यांच्यासाठी मला आणखी एक फळी रंगवावी लागली.

पण मला आठवतं ते डाय फुटली त्या संध्याकाळचं जेवण. आम्ही उशिरा बसलो. काळसर मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सूप होतं, मुळा होता आणि बाजारातून आणलेला मासा. सासऱ्यांनी जेवायच्या काठ्या हातात घेतल्या आणि तशाच खाली ठेवल्या.

“कमी आहे, हे मी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं, सूनबाई. माझ्या वडिलांनीही नाही. जीभ उचलत नव्हती.”

“म्हटलंत की पण, बाबा,” मी म्हटलं.

आणि त्यांच्या पानात माशाचा एक तुकडा जास्त वाढला. तो त्यांनी मुकाट्याने खाल्ला.